मसूर लिहिलेले सहा डबे

मंगळवार, ६ ऑक्टोबर

ताई,

तुझं पाकीट मिळालं. उघडून झटकलं, आत हात घालून बघितलं, तर मासिकातून फाडलेला एकच कागद. 'पंधरा मिनिटांत पौष्टिक सूप, घरातल्याच सामानातून.' चार वर्षांनी बहिणीला पाकीट पाठवायचं आणि त्यात सूप. मला वाटलं चुकून दुसऱ्या कुणाचं आलं. मग कागदाच्या मागे तुझं अक्षर दिसलं. 'हे करून घाल त्यांना. वजन वाढलं तर फॉर्मचं बघू.'

'त्यांना' म्हणजे बाबांना. बाबा लिहायला शाई जास्त लागते का गं?

फोटो बघूनच मला कसंतरी झालं. पांढऱ्या वाडग्यात नारिंगी सूप, वर क्रीमचं वेटोळं, बाजूला इस्त्री केलेला रुमाल. असलं सूप कुणी खात नाही. फोटो काढतात आणि ओतून देतात. आणि खाली काय लिहिलंय, 'कपाटात असलेला टोमॅटोचा डबा घ्या.' आपल्या कपाटात काय आहे हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. अजून दोनशेच्या वर डबे आहेत. सगळे नागडे. एकावरही लेबल नाही. बाबांच्या गोदामात पाणी शिरलं, लेबलं सुटली, मालक फेकून देणार होता आणि बाबा हातगाडी भरभरून घरी घेऊन आले, तेव्हा मी दहा वर्षांची होते. तू ते कचऱ्याच्या पेटीत ओतलेस, बाबांनी एकेक वेचून, धुऊन, पुसून परत लावले, तेव्हा तेरा. दुसऱ्या दिवशी तू बॅग घेऊन गेलीस. हे तुला सांगायला नको, पण चिडले की मी पहिल्यापासून सुरू करते.

वजनवाल्या बाईंनी तुला कळवलंच असेल. मार्चमध्ये झटका आल्यापासून बाबांचं उजवं अंग गेलंय, तोंडाची उजवी बाजू लोंबते, घट्ट काही गिळत नाहीत. बाई दर गुरुवारी दवाखान्याकडून काटा घेऊन येतात. पन्नास किलोच्या खाली गेले तर वृद्धाश्रमात. मी सतरा वर्षांची, त्या फॉर्मवर माझी सही चालत नाही, म्हणून तुझी.

तर ऐक. बाबा बरे आहेत. डोकं एकदम साफ आहे. अजून डबा कानाशी धरून हलवतात आणि आत काय ते सांगतात. खुळखुळलं तर वाटाणे, डबडबलं तर पीच, गप्प बसलं तर मसूर. डाव्या हाताने डब्यावर लिहूनही ठेवतात. कान अजून पूर्वीसारखाच आहे. स्वतः कान लावलेल्या डब्याशिवाय ते काही खात नाहीत, एवढंच. ताज्या भाजीचं सूप केलं तर थुंकतात.

सही करू नकोस. सूप करते.

मुकी
(तूच ठेवलेलं नाव. अजून तेच चालू आहे.)


शुक्रवार, ९ ऑक्टोबर

ताई,

केलं तुझं सूप.

मी सकाळी सहा ते बारा धुलाईच्या कारखान्यात असते. हॉस्पिटलच्या चादरी येतात, त्या वेगळ्या करायच्या. त्या चादरींवर काय काय असतं ते लिहीत नाही. तिथल्या बायका म्हणतात, 'आठ दिवसांत नाक मरतं, मग काही वाटत नाही.' माझं मेलं नाही. उलट जास्तच चालायला लागलं. घरी येते तर बाबांच्या गळपट्ट्याचा आंबट वास, डबा फोडला की पत्र्याचा वास. मला उभं राहवत नाही. म्हणून मी एक युक्ती काढलीये. स्वयंपाक करताना आणि भरवताना नाकाला कपड्यांचा चिमटा लावते. हसू नकोस. बाबा हसत नाहीत.

कांदा चिरला, तेलात परतला, लसूण टाकला. क्रीमऐवजी ओट्स. बाबांना म्हटलं टोमॅटोचा डबा द्या. त्यांनी चार हलवले, पाचवा निवडला, खडूने 'टोमॅटो' लिहिलं, प्रत्येक अक्षर वेगळ्या उंचीवर. मी फोडला आणि सरळ पातेल्यात उपडा केला.

पीच. गुळगुळीत, पिवळ्या फोडी, साखरेच्या पाकात, फदकन कांद्या-लसणावर.

चूक माझीच. मी घाईत दुसराच डबा उचलला असणार.

तू म्हणशील ओतून दे. पण पावणेदोन झाले होते, त्यांनी सकाळपासून चहाच्या दोन घोटांवर काढले होते. मी ते सगळं शिजवलं, गाळणीतून दाबून काढलं. चार चमचे गेले. पाचवा तोंडाच्या लोंबत्या कोपऱ्यातून परत आला आणि माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. कोमट. मी तो हात तीनदा साबणाने धुतला. अजून वास येतोय असं वाटतं.

काल वजनवाल्या बाई आल्या होत्या.

"काय खातायत बाबा?"
"सूप."
"कसलं?"
"पौष्टिक."
"म्हणजे कसलं गं?"
मी खाली बघितलं. तुला माहीत आहे माझं. बाई म्हणाल्या, "बोलायला पैसे पडतात का तुला?" आणि काट्याकडे वळल्या. पन्नास किलो तीनशे ग्रॅम. चपला काढून.

तीनशे ग्रॅम म्हणजे एक वाडगाभर सूप. एवढ्यावर अडकलंय सगळं.

तुझ्या कागदावर शेवटची ओळ आहे, 'चव घेऊन मीठ घाला.' ती तेवढी मला जमत नाही. मी घालते अंदाजाने.

मुकी


गुरुवार, १५ ऑक्टोबर

ताई,

एक्कावन्न किलो शंभर ग्रॅम.

बाईंनी काट्याला टिचकी मारून बघितलं, बाबांना उतरवलं, परत चढवलं. तेवढंच. "काय जादू केलीस?" मी म्हटलं, "मसूर." एक शब्द का होईना, मान वर करून म्हटलं.

बाबांना मसुरीचे सहा डबे सापडले, सगळ्यात खालच्या फळीवर, मागे. लहान आहेत, चपटे. हलवले तर काही वाजत नाही. सहाही डब्यांवर त्यांनी 'मसूर' लिहिलं आणि ओळीत लावले. मी एक कांदा, दोन लसूण पाकळ्या, अर्धी वाटी ओट्स आणि एक डबा असं करते. दहा मिनिटांत होतं, दोन दिवस पुरतं. तुझ्या मासिकवाल्यांना कळव, पाच मिनिटं वाचली.

दिसायला घाण दिसतं, हे सांगते. तपकिरी-गुलाबी, वर तेलाचे डोळे. ढवळताना पळीला लोचट चिकटतं. मी बघत नाही, भिंतीकडे तोंड करून ढवळते. पण बाबा सगळं खातात. मंगळवारी वाडगा संपल्यावर त्यांनी डाव्या हाताने वाडग्यावर टकटक केलं. अजून दे म्हणून. मार्चपासून पहिल्यांदा.

तेव्हा फॉर्मचं बोलणं तुझ्याकडेच ठेव. एवढ्या सात महिन्यांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. तू नाक मुरडत गेलीस, मी चिमटा लावून राहिले. दोघींत कोण बरी ते तूच सांग.

मुकी


सोमवार, १९ ऑक्टोबर

ताई,

तुझं कार्ड आलं. 'मसुरीचं सूप नीट लिहून पाठव, इथे माझ्या सासूबाईंनाही घट्ट जात नाही.' म्हणजे तुझं लग्न झालं. असो. अभिनंदन.

पाठवणार होते. कागद घेऊन बसले आणि नाही लिहवलं, कारण तू खरंच करशील आणि खऱ्या मसुरीचं करशील, आणि ते तसं होणार नाही.

शनिवारची गोष्ट. खालच्या शिलाईकाकूंचा बोका आहे, गलेलठ्ठ, कधी दोन जिने चढून येत नाही. मी चौथा डबा फोडला आणि तो दारात. ओरडत. पायात घुटमळत. मी हाकललं तर ओट्यावर उडी मारून रिकाम्या डब्यात तोंड खुपसलं त्याने. मागोमाग काकू धापा टाकत आल्या. "अगं, हा वेडापिसा झालाय, काय शिजवतेस तू?" मी म्हटलं मसूर. काकूंनी डबा उचलला, हुंगला, आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"चिमटा काढ नाकाचा."

मी काढला.

ताई, तो मांजराचा खाऊ होता.

काकूंनी बोक्याला काखेत मारलं आणि जाता जाता म्हणाल्या, "मरत नाही त्याने माणूस. पण सांगू नकोस कुणाला." मी मोरीत जाऊन ओकले. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी आलं. बाबा आतून वाडग्यावर टकटक करत होते.

सहा दिवस मी माझ्या बापाला मांजराचा खाऊ भरवला. लसूण घालून. डबा फुगलेला नाही ना, ते मी दरवेळी बघते, तेवढी अक्कल आहे. पण एक चमचा चाखला असता, एकदा नाक मोकळं ठेवलं असतं, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी चाखलं नाही कारण मला त्यांच्या पातेल्याची, चमच्याची, सगळ्याचीच किळस येते. मार्चपासून मी घरात काही शिजवून खाल्लेलं नाही. कारखान्यात पाव खाते, उभ्याने.

आता सुरू केलंच आहे तर उरलेलंही लिहिते. मी तुला खोटं सांगितलं. बाबांचा कान गेलाय. पीचचा डबा मी चुकीचा उचलला नव्हता, तोच होता, 'टोमॅटो' लिहिलेला. ते वाटाणे म्हणतात, मका निघतो. मका म्हणतात, दूध निघतं. दहातला एक बरोबर येतो, तोही नशिबाने. मी रोज म्हणते, "बरोबर बाबा, वाटाणेच." आणि पाठ फिरवून, मका असेल तर मका, चेचून देते. कानच नाही गं, बाकीचंही जातंय. परवा मला तुझ्या नावाने हाक मारली. मी ओ दिली.

आणि शाळा. सगळ्यांना वाटतं मी बाबांसाठी शाळा सोडली. बाई तर मला आदर्श मुलगी म्हणतात. मी झटक्याच्या तीन आठवडे आधीच सोडली होती. उभं राहून मोठ्याने वाचायला लावायचे, माझी दातखीळ बसायची, मागून हसायचे. रोज डबा घेऊन निघायचे आणि बसस्टॉपवर बसून राहायचे. बाबांना झटका आला आणि मला कारण मिळालं. हे लिहितानासुद्धा मला माझीच शिसारी येतेय.

दोन डबे उरलेत. एक्कावन्न किलो आहेत. मी काय करू ते तू सांगू नकोस, तुला विचारत नाहीये.

मुकी


गुरुवार, २९ ऑक्टोबर

ताई,

एकोणपन्नास किलो सातशे.

ते दोन डबे मी काकूंना दिले. बोका खूश आहे. मग मी बाबांसमोर बसले. ओट्यावर चार डबे मांडले आणि म्हटलं, "बाबा, हलवा." त्यांनी पहिला हलवला. "वाटाणे," म्हणाले. त्यांच्या तोंडून ते 'वाटायऽ' असं येतं, पण मला कळतं. मी फोडला. मशरूम. दाखवलं. त्यांनी दुसरा हलवला. मका म्हणाले. फोडला. बीट. लाल पाणी त्यांच्या मांडीवर सांडलं. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला आता कळत नाही. ते मसूर नव्हते. मांजराचं होतं. मी पाहिलं नाही, तुम्हाला ऐकू आलं नाही. दोघांचं चुकलं."

माझ्या आयुष्यात मी एका दमात इतकं कुणाशी बोलले नसेन. आणि बघ, बोलून काय केलं.

ते रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं. उरलेले दोन डबे डाव्या हाताने एकेक करून माझ्याकडे सरकवले आणि तोंड मिटलं. तीन दिवस चमचा आत गेला नाही. पाणी तेवढं प्यायले. चौथ्या दिवसापासून चार-सहा चमचे घेतात, माझ्याकडे न बघता, औषध घेतल्यासारखे. मी आता सगळं चाखून करते. मसूर, बटाटा, टोमॅटो, सगळं दुकानातलं, चिमटा न लावता. चाखते आणि थुंकते. बाबा ते बघतात.

वजनवाल्या बाईंनी आकडा वाचला आणि खुर्चीवर बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, मांजराचंसुद्धा. वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "बाळा, तू सतरा वर्षांची आहेस." फॉर्म माझ्याच हातात दिला. म्हणाल्या, "बहिणीला तूच पाठव. मी पुढच्या महिन्याच्या पंधरापर्यंत थांबते."

मी तो दोन दिवस कपाटात ठेवणार होते. हरवला म्हणणार होते. जमलं असतं मला, लपवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. पण सोबत पाठवतेय. शेवटच्या पानावर सहीची जागा आहे. वजनाचा आकडा मी भरलाय, खरा.

मला ते घरात हवेत. का, ते नीट सांगता येत नाही. त्यांच्या लाळेने मला शिसारी येते, त्यांच्या खोकल्याने जीव जातो, तरी सकाळी कारखान्यात चादरी झटकताना डोक्यात एकच असतं की दुपारी काय करू जे ते खातील. आश्रमात नेलं तर मला बारा वाजता कुठे जायचं तेच कळणार नाही.

सही करायची असेल तर कर. पण आधी येऊन एक वाडगा भरव. मासिकाचा कागद पाठवून हात झटकायचे, हे मला बघवत नाही. तुझे हात तिकडे स्वच्छ आहेत, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

मुकी


रविवार, ८ नोव्हेंबर

ताई,

काल तू आलीस आणि मी पूर्ण वेळ तोंडाला कुलूप लावून बसले, म्हणून लिहितेय. तुझी बस निघेपर्यंत थांबायलाही आले नाही.

तू दारात उभी राहिलीस आणि ओढणी नाकाला लावलीस. ते मी पाहिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग पिशवीतून डबे काढलेस, लेबलंवाले, चकचकीत, आणि कांदा चिरायला घेतलास जसं काही कालच इथून उठून गेली होतीस. सुरी कुठे असते तेही विचारलं नाहीस.

बाबांनी तुझा एक डबा उचलून कानाशी धरला तेव्हा मी श्वास रोखला होता. लेबल त्यांच्याच डोळ्यांसमोर होतं, टोमॅटोचा मोठा लाल फोटो. "मका," म्हणाले. मी तोंड उघडणार होते, बरोबर बाबा म्हणायला. सवय. तू डबा त्यांच्या हातातून घेतलास आणि म्हणालीस, "मका नाही, टोमॅटो आहे. फोडू का?" असं, कोरडं. मी घाबरले. त्यांनी तोंड मिटलं. मला माहीत होतं मिटणार.

पंधरा मिनिटं म्हणे. तुला चाळीस लागली. कडेने करपवलंस. आणि तू पुढे केलेला चमचा त्यांनी हाताने उडवला, तुझ्या कुर्त्यावर लाल शिंतोडे. आता ही रडणार किंवा सही करणार, असं मला वाटलं. तू काय म्हणालीस आठवतं?

"नका खाऊ. मला भूक लागलीये. सहा तास बसमध्ये बसलेय."

आणि त्यांचाच वाडगा ओढून, त्यांच्याच चमच्याने खायला लागलीस. त्यांच्यासमोर बसून. फुंकर मारत, भुरके मारत. मला बघवेना. दोन घास झाल्यावर तोंड वाकडं करून म्हणालीस, "शी, किती खारट झालंय. बाबा, मी जायच्या आधी मला निदान मीठ घालायला तरी शिकवायचं होतंत." बाबांच्या नाकातून आवाज आला. तो खोकला होता असं तुला वाटलं असेल. तो हसण्याचा होता. मी त्यांच्या सगळ्या आवाजांसोबत राहते, मला कळतं.

फॉर्म तू बॅगेत परत ठेवलास, कोरा. "पंधरापर्यंत बाईंशी मी बोलते, आणि शनिवारी येते," म्हणालीस. मी मान हलवली. विश्वास ठेवला असं समजू नकोस. चार वर्षं चार दिवसांत भरून निघत नाहीत, आणि कुर्त्यावरचे डाग बघून तू जिन्यात 'शी' म्हणालीस तेही मी ऐकलं.

पण तू गेल्यावर जे झालं ते तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

तू अर्धा वाडगा तसाच टाकून गेलीस. मी तो उचलायला गेले. तुझं उष्टं, त्यात तुझा चमचा, कडेला तुझ्या लिपस्टिकचा ओठ. बाबांनी डाव्या हाताने वाडगा धरून ठेवला. सोडेनात. मी म्हटलं, "बाबा, ते उष्टं आहे, मी दुसरं देते." त्यांनी माझ्याकडे न बघता वाडगा जवळ ओढला आणि चमचा उचलला. स्वतः. मार्चपासून त्यांनी चमचा धरलेला नाही. अर्धं छातीवर गेलं. अर्धं आत. त्यांनी तुझं उष्टं, गार झालेलं, करपट, शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लं आणि बोटाने वाडगा पुसला. इतकं घाण दिसत होतं ते, ताई. मला तोंड फिरवता आलं नाही.

मग पातेल्यात तळाला उरलं होतं ते मी एका बशीत घेतलं आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. गिळलं. थुंकले नाही.

खारटच आहे. शनिवारी मीठ मी घालेन.

मुकी